पहाटे साडेपाचला उघडणारं दुकान

पर्सनल ट्रेनर व्हायचं तर मुंबई गाठायलाच हवी, असं थोडंच आहे? शहापूर-मुरबाडमध्ये राहूनही हा धंदा उभा करता येतो. फक्त त्यातलं गणित, उधारी आणि जोखीम आधी समजून घ्या.

आसनगावहून पहाटेची लोकल पकडायची. दोन तास दारात उभं राहून मुंबईतल्या एखाद्या चकाचक जिममध्ये पोहोचायचं. दिवसभर दुसऱ्यांकडून वजनं उचलून घ्यायची आणि रात्री अर्धमेलं होऊन घरी यायचं. मुरबाडकरांचं तर त्याहून अवघड. तिथे रेल्वेच नाही, त्यामुळे आधी एसटीने कल्याण आणि मग पुढचा प्रवास. एवढं करून गिऱ्हाईक जे पैसे देतं त्यातला मोठा वाटा जिम ठेवून घेते, उरलेला ट्रेनरचा.

तुमच्या ओळखीत असा एक तरी दादा किंवा ताई असेल. कदाचित तुम्हीच पुढच्या वर्षी डिग्री हातात घेऊन हाच विचार करत असाल. मग प्रश्न सरळ आहे. हेच काम आपल्या तालुक्यात, आपल्या मैदानावर, स्वतःच्या नावाने का करू नये?

उत्तर 'करता येईल' असं आहे. पण इन्स्टाग्रामवर दिसतं तसं नाही.

गिऱ्हाईक कोण?

'पर्सनल ट्रेनर' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एसी, आरसे आणि ट्रेडमिल येतात. शहापूर-मुरबाडमध्ये या धंद्याचा चेहरा वेगळा आहे. इथे साधारण चार प्रकारची माणसं तुमच्याकडे येऊ शकतात.

पहिली, भरतीवाली मुलं-मुली. पोलीस, एसआरपीएफ, सैन्य. यांची संख्या सगळ्यात जास्त आणि खिसा सगळ्यात रिकामा.

दुसरी, चाळिशीपुढचे नोकरदार. शिक्षक, बँकेतले, मुरबाड एमआयडीसीतले सुपरवायझर, दुकानदार. डॉक्टरांनी 'शुगर वाढलीय, चालायला लागा' असं सांगितलेलं असतं. दोन दिवस चालतात आणि तिसऱ्या दिवशी पांघरूण ओढून झोपतात. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे १० कोटींहून जास्त रुग्ण आहेत. या माणसांना व्यायाम काय करायचा हे बहुतेक वेळा माहीत असतं. 'उठा, मी खाली आलोय' म्हणणारं कोणी नसतं. तुमची फी बरीचशी त्या एका वाक्याची असते.

तिसरी, शनिवार-रविवारची मंडळी. वासिंद, आसनगाव, खर्डी, मुरबाडच्या आसपास मुंबई-ठाणेकरांची सेकंड होम्स आणि फार्महाऊस आहेत. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला आणि शहापूर आणखी जवळ आलं. ही माणसं चांगले पैसे देतात, पण महिन्यातून दोन-तीनदाच येतात. माहुली, गोरखगड, सिद्धगड चढायच्या आधी महिनाभर तयारी करून हवी असणारे ट्रेकरही यातच धरा.

चौथी, बायका. हा वर्ग सगळ्यात मोठा आणि सगळ्यात दुर्लक्षित. २०२४ मध्ये 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये आलेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातले जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करत नव्हते. बायकांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के, पुरुषांमध्ये ४२.

पण थांबा, हा आकडा जसाच्या तसा आपल्या तालुक्यावर चिकटवू नका. भातसा, तानसा, मोडकसागर ही मुंबईला पाणी देणारी धरणं शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघणारे पाडेही याच तालुक्यात. डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणाऱ्या वहिनींना 'तुम्ही स्क्वॉट मारा' असं सांगणारा ट्रेनर हसं करून घेईल. त्यांना हवी असते कंबरदुखीवर मोकळीक, नीट झोप आणि ताटात थोडं जास्त प्रोटीन. याउलट शहापूर शहरात दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, दिवसभर शिलाई मशीनवर बसणाऱ्या ताईंना चालणं आणि वजन उचलणं दोन्ही हवं असतं. म्हणजे एकच तालुका, पण वेळापत्रक दोन. हा फरक गावातल्या माणसाला कळतो, मुंबईहून आलेल्या ट्रेनरला कळायला वेळ लागतो. तुमचं भांडवल ते हेच.

साडेसत्त्याहत्तर सेकंदांचा हिशेब

या भागात ट्रेनिंगचा धंदा बहुतेक वेळा भरतीच्या बॅचपासून सुरू होतो. म्हणून ती परीक्षा पाठ असायला हवी.

राज्य पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २० गुण, १०० मीटरचे १५, गोळाफेकीचे १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर, बाकी विभागणी तीच. गोळा मुलांना ७.२६० किलोचा, मुलींना ४ किलोचा. निम्मे गुण मिळाले तर पुढचा विचार, आणि पुढेही एका जागेमागे १० जणांनाच लेखी परीक्षेला बोलावणं येतं.

पूर्ण २० गुण हवे असतील तर मुलांना १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांच्या आत संपवावं लागतं. ४०० मीटरच्या मैदानाला चार फेऱ्या, प्रत्येक फेरी साडेसत्त्याहत्तर सेकंदांत. मुलींना ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत, म्हणजे फेरीला ८५ सेकंद. आता आठवून बघा, रोज सकाळी रस्त्याकडेला धावणारी किती मुलं घड्याळ लावून, मोजलेल्या अंतरावर धावतात? बरीचशी 'त्या वडापर्यंत जाऊन यायचं' या हिशेबाने धावतात. पहिली फेरी जोशात ६५ सेकंदांत आणि चौथीला पाय शिसं.

इथे ट्रेनरची गरज लागते. पन्नास मीटरचा टेप, स्टॉपवॉच, चुन्याने आखलेली रेघ, एक गोळा आणि एक वही. काही हजारांत सगळं येतं. आज कोणी कितवी फेरी किती सेकंदांत मारली, हे महिनाभर लिहून ठेवलंत की मुलाला स्वतःची प्रगती आकड्यात दिसते. मशिनपेक्षा ही वही जास्त कामाची.

आता कडू भाग. २०२४ च्या भरतीत राज्यभरात १७ हजार ४७१ जागांसाठी १७ लाखांहून जास्त अर्ज आले. म्हणजे एका जागेमागे साधारण १००. त्यामुळे 'भरतीची १०० टक्के हमी' असा फलक लावणारा माणूस सरळ सरळ खोटं बोलतोय. तुम्ही विकू शकता ती वेळेतली सुधारणा. नोकरी विकायला ती तुमच्याकडे नाहीच. हे पहिल्याच दिवशी मुलाला आणि त्याच्या वडिलांना सांगा. काही जण निघून जातील. जे राहतील ते निकाल मनासारखा लागला नाही तरी तुमच्या दारात भांडायला येणार नाहीत.

आत्याकडून फी कशी घ्यायची?

व्यायामशाळा महाराष्ट्राला नवीन नाही. तालीम होती, वस्ताद होता. अमरावतीचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभं आहे आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथल्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. पण व्यायाम शिकवणं म्हणजे सेवा, त्याचे पैसे कसले मागायचे, ही भावनाही त्याच परंपरेतून आपल्यापर्यंत आली आहे.

म्हणून गावात सगळ्यात जड वजन कुठलं, तर फी मागायचं. 'अरे, तू आपलाच ना? तुला काय पैसे द्यायचे?' हे वाक्य तुम्ही ऐकणारच. आत्याचा मुलगा, वाडीतला मित्र, सरपंचांचा पुतण्या. सगळे आपलेच.

यावर चार साधे नियम कामाला येतात.

फी महिन्याच्या १ तारखेला, आधी. महिना संपल्यावर मागायची म्हटली की ती उधारी होते, आणि उधारी मागताना मैत्री तुटते.

दर एकच आणि तो कागदावर. माणूस बघून आकडा बदलला की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर त्याची चर्चा होते.

फुकट जागा ठेवायच्या असतील तर दोन ठेवा, आणि त्या कोणाला द्यायच्या ते तुम्ही ठरवा. खरंच पैसे नाहीत पण वेळेत येतोय, अशा मुलाला त्या द्या. ओळखीने मागणाऱ्याला देऊ नका.

आणि पैसे यूपीआयवर घ्या. नोंद राहते. उद्या बँकेत कर्ज मागायला गेलात तर तीच नोंद तुमच्या बाजूने बोलते.

वहीतला खरा आकडा

आता हिशेब करू. हे आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमच्या गावाप्रमाणे बदलून घ्या.

समजा भरतीच्या बॅचमध्ये १२ जण आहेत, प्रत्येकी ५०० रुपये. झाले ६ हजार. चार जण वैयक्तिक ट्रेनिंगचे, प्रत्येकी २ हजार. झाले ८ हजार. एकूण १४ हजार महिना. ऐकायला बरं वाटतं.

आता खर्च. रोज २५ किलोमीटर बाइक, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे ६५० किलोमीटर. लिटरला ४५ धरलं तर पेट्रोलचे साधारण दीड हजार. मोबाइल रिचार्ज ३००. साहित्याची झीज ५००. एकूण २ हजार ३००.

पण वर्ष बाराही महिने सारखं नसतं, आणि आपल्याकडे तर नाहीच. जून उजाडला की शहापूर-मुरबाडचा पाऊस मैदान गिळतो. आवणी सुरू झाली की अर्धी बॅच शेतात असते आणि ते बरोबरच आहे. पुढे गणपती, मग कापणी. पौषात म्हसाची जत्रा आली की आठवडाभर कोणाचा पत्ता नसतो. त्यानंतर लग्नसराई. म्हणून चार महिने उत्पन्न निम्मं धरा. आठ महिन्यांचे १ लाख १२ हजार, चार महिन्यांचे २८ हजार, मिळून १ लाख ४० हजार. त्यातून वर्षाचा खर्च २७ हजार ६०० वजा केला आणि १२ ने भागलं, तर महिन्याला हातात येतात साधारण ९ हजार ३५०.

हा आकडा बघून हिरमुसायचं कारण नाही, पण तो डोळ्यांआड करून नोकरीही सोडू नका. या धंद्याचं काम सकाळी साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते सात असतं. मधला दिवस मोकळा. त्या वेळात कॉलेज होतं, अर्धवेळ नोकरी होते, भरतीची लेखी परीक्षा शिकवणाऱ्या क्लासबरोबर भागीदारीही होऊ शकते. बॅच २० ची झाली आणि वैयक्तिक गिऱ्हाइकं सहा झाली की चांगल्या महिन्यात २२ हजार येतात. तिथपर्यंत पोहोचायला एक-दोन वर्षं लागतील असं धरून चला.

पावसाळ्याचा तोटा कमी करायचा तर जूनच्या आधीच छपराची सोय बघा. समाजमंदिर, शाळेचा व्हरांडा, एखादं रिकामं गोदाम. पावसात धावणं थांबतं, पण पाय आणि पोटाची ताकद वाढवायला तोच काळ चांगला. आणि शेतात आवणी करून आलेल्या मुलाला त्या संध्याकाळी उठाबशा लावू नका. त्याचा व्यायाम झालेला असतो.

मशिन आणि गाळ्याचा मोह मात्र आवरा. तळवलकर हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १९३२ पासूनची परंपरा, २०१० मध्ये शेअर बाजारात नोंदणी, देशभर शाखा. २०१९ मध्ये रोख्यांवरचं व्याज थकलं आणि पुढे एकामागून एक शाखांची शटर खाली आली. एवढ्या मोठ्या नावाला जे कर्ज झेपलं नाही त्याची छोटी आवृत्ती आपण पंचविशीत अंगावर का घ्यायची? गिऱ्हाईक आधी, गाळा नंतर.

चूक झाली तर जीव जातो

आता या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. बाकी विसरलात तरी चालेल, हा लक्षात ठेवा.

जून २०१४ मध्ये मुंबई पोलिसांच्या भरतीत ५ किलोमीटर धावताना आणि त्यानंतर काही तरुणांचा मृत्यू झाला. त्यानंतर अंतर कमी करण्यात आलं. २०२४ मध्ये झारखंडमध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीत १० किलोमीटरच्या धावण्याच्या वेळी दहाहून जास्त उमेदवार गेले. ही सगळी तुमच्या-माझ्या वयाची मुलं. मैदानावर उभ्या असलेल्या माणसाला धोक्याच्या खुणा ओळखता येणं किती गरजेचं आहे, ते यावरून कळतं.

आपल्याकडे ट्रेनर व्हायला सरकारी परवाना लागत नाही. म्हणूनच स्वतःला नियम घालून घ्यावे लागतात.

बॅचमध्ये घेण्याआधी प्रत्येकाला विचारा. धावताना छातीत दुखतं का? कधी चक्कर येऊन पडलात का? घरात कोणी कमी वयात हृदयविकाराने गेलंय का? बीपी, दमा, चालू असलेली औषधं? एकाही प्रश्नाला 'हो' आलं तर आधी डॉक्टर, मग मैदान.

आपल्या तालुक्यांत आणखी एक प्रश्न घाला: सिकलसेलची तपासणी झाली आहे का? आदिवासी समाजात हा आजार जास्त आढळतो. ज्यांच्यात तो फक्त वाहक रूपात असतो त्यांना एरवी काही त्रास नसतो, पण उन्हात, पाणी कमी पिऊन, जिवाच्या आकांताने धावल्यावर त्यांच्याही जिवावर बेतू शकतं. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी केली जाते. जवळच्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा. वाहक असणं म्हणजे व्यायाम बंद, असं नाही. हळूहळू ताण वाढवणं, मध्ये थांबणं आणि भरपूर पाणी, एवढं पाळायचं.

सीपीआर शिका. मिनिटाला १०० ते १२० वेळा, छातीच्या मधोमध, किमान ५ सेंटिमीटर खोल दाब. १०८ ला फोन कोण करणार, शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा मुरबाडच्या ग्रामीण रुग्णालयात न्यायला गाडी कोणाची, हे बॅचच्या पहिल्याच दिवशी ठरवा.

आणि इंजेक्शन. 'सर, एक सुई मारली की दम लागत नाही म्हणे', असं विचारणारा मुलगा तुमच्याकडे येणारच. हृदयाचे ठोके आणि बीपी वाढवणारी ही औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे. स्टेरॉइडचंही तेच. त्यावर मिळणारं कमिशन तुमच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त असू शकतं. तरीही नाही म्हणा. पावडरचे डबे विकण्याआधी घरातलं ताट बघा. नाचणी, चवळी, हरभरे, अंडी, सुकट, जवळा. यातलं रोज काय आणि किती खायचं, हे सांगता आलं की गिऱ्हाइकाचे पैसे वाचतात आणि तुमच्यावरचा विश्वास वाढतो.

ताईंसाठी खास

राज्य पोलिसांत महिलांसाठी ३० टक्के आरक्षण आहे. मुली मैदानावर यायला तयार आहेत. अडतं कुठे, तर पहाटेच्या अंधारात पुरुष ट्रेनरकडे पाठवायला घरचे कचरतात. एखादी मुलगी ट्रेनर म्हणून उभी राहिली तर हा अडसर निम्मा दूर होतो. त्यात संध्याकाळी गावातल्या बायकांची बॅच जोडली की गिऱ्हाइकं शोधत फिरावं लागणार नाही. एखादी आई रोज बाजूला बसून बघणार असेल तर बसू द्या. महिन्याभराने तीही चालायला लागेल.

चौकट : सुरुवात करण्याआधी

• शिक्षण : जमलं तर दोन वर्षांचं बी.पी.एड. नाहीतर क्रीडा आणि फिटनेस क्षेत्रासाठीच्या सेक्टर स्किल कौन्सिलचा फिटनेस ट्रेनर कोर्स. फी भरण्याआधी प्रमाणपत्र कोण देणार, ते विचारा.

• नोंदणी : उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. स्वतःची जागा घेतलीत आणि कामगार २० पेक्षा कमी असतील तर २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार ऑनलाइन सूचना दिली की पुरतं.

• कर : सेवा व्यवसायाला वर्षाला २० लाखांपर्यंतच्या उलाढालीला जीएसटी नोंदणी लागत नाही.

• कर्ज : मुद्रा योजनेच्या 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत, तारण न ठेवता. पहिल्या सहा महिन्यांत घेऊ नका.

• मैदान : शाळा किंवा ग्रामपंचायतीचं असेल तर लेखी परवानगी घ्या. तोंडी 'हो' निवडणुकीनंतर बदलू शकतं.

• पहिला महिना : चार माणसं, एक वही, रोज तीच वेळ. तुम्ही एक दिवस जरी उशिरा पोहोचलात तरी ते तीस दिवस लक्षात ठेवतील.